जुन्या एअर-कूल्ड गाडीचं ऑइल गरम होतंय? आमच्या गॅरेजमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजचा फोन बहुतेक एकाच कारणाने वाजतो. "ऑइलचा काटा वर चाललाय, काय करू?" विचारणारा बहुधा माजिवड्याच्या पुलाखाली किंवा तीन हात नाक्यावर अडकलेला असतो. तेवढ्या वेळात नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवलं आहे.

आमच्याकडे जुन्या पोर्शे ९११ मोजक्या येतात, फोक्सवॅगनच्या बीटल त्याहून जास्त. वडिलांच्या वेळी याच शेडमध्ये चेतक आणि रिक्षा उभ्या असायच्या. त्यांची इंजिनंही पंख्याच्या हवेवरच थंड व्हायची, त्यामुळे हा विषय आमच्या घरचाच म्हणायचा. खालची उत्तरं मुख्यतः १९९८ पर्यंतच्या एअर-कूल्ड ९११ साठी आहेत. बीटलवाल्यांसाठी वेगळा प्रश्न पुढे आहे, पण बाकीचंही वाचा, निम्मं तुम्हालाही लागू आहे.

गाडी हवेवर थंड होते ना? मग ऑइल थंड करायची भानगड कशाला?

पंख्याची हवा सिलिंडर आणि हेडच्या बाहेरून जाते. बेअरिंग, कॅमशाफ्ट, पिस्टनची खालची बाजू, इथे ती पोचत नाही. तिथली उष्णता उचलून आणायचं काम ऑइलचं. ९११ मध्ये तर पिस्टनच्या पोटावर ऑइलचे फवारे मारले जातात, ते याचसाठी. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत ऑइलचं मुख्य काम वंगणाचं असतं. इथे ते वंगणही आहे आणि कूलंटही.

वाट अशी आहे. ९११ ला ड्राय संप आहे, म्हणजे ऑइल इंजिनाच्या तळाशी साठत नाही. एक पंप ते खालून ओढून उजव्या मागच्या मडगार्डमधल्या टाकीत पाठवतो. पुढे ऑइल कूलर असलेल्या गाडीत, टाकीत पोचण्याआधी ते उजव्या बाजूने पुढच्या मडगार्डपर्यंत जाऊन गार होऊन येतं. दुसरा पंप टाकीतून ऑइल उचलतो आणि इंजिनावरच बसवलेल्या कूलरमधून बेअरिंगांना देतो. म्हणजे कूलर दोन आहेत आणि दोघांची हवा वेगवेगळी. इंजिनावरच्या कूलरला इंजिनाचा पंखा वारा घालतो, पुढच्याला रस्त्यावरचा वारा लागतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की खालची अर्धी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

जाता जाता एक गंमत. १९७२ च्या मॉडेलमध्ये पोर्शेने ही टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली आणि ऑइल भरायला बाहेरूनच झाकण दिलं. पंपावरचे लोक त्यात पेट्रोल ओतायला लागले. पुढच्याच वर्षी टाकी पुन्हा जुन्या जागी गेली.

ठाण्याच्या उन्हाळ्यात काटा किती असला तर चालेल?

मोकळ्या रस्त्यावर ९० ते १०० अंश सेल्सियस असेल तर गाडी मजेत आहे. एप्रिल-मेच्या दुपारी घोडबंदर रोडवर ११० दिसलं तर घाम तुम्ही पुसा, गाडीला काही झालेलं नाही. १२० ला मात्र पाय हलका करा, एसी बंद करा, रहदारीतून बाहेर पडायची वाट शोधा. त्यापुढेही काटा चढतच असेल तर सावली पाहून थांबा.

पण नुसता तापमानाचा काटा बघू नका, शेजारचा प्रेशरचाही बघा. गरम इंजिनात दर हजार आरपीएमला साधारण १० पौंड प्रेशर, हा जुना ठोकताळा अजून चालतो. ११५ अंशांना ३००० वर ३० पौंड मिळत असतील तर मी घाबरत नाही. ९५ लाच १५ दिसत असतील तर घाबरतो. आयडलला प्रेशर खाली येणारच, त्यावरून रात्रीचा फोन करू नका.

काटा खरं सांगतोय कशावरून?

चांगला प्रश्न, आणि हा फार कमी लोक विचारतात. चाळीस वर्षं जुना काटा, जुना सेंडर (इंजिनातलं तापमान मोजून काट्याला कळवणारा भाग), गंजलेलं अर्थिंग. नवा कूलर बसवल्यावरही काटा तिथेच राहिला आणि शेवटी दोष सेंडरचा निघाला, असं आम्ही पाहिलंय.

गार इंजिनातून सेंडर काढा, वायर जोडलेली ठेवा, त्याच्या अंगाला नीट अर्थ द्या आणि त्याचं टोक उकळत्या पाण्यात धरा. ठाणं समुद्रसपाटीला आहे, पाणी इथे १०० लाच उकळतं. काटा १०० दाखवत नसेल तर किती फरक आहे ते लिहून ठेवा. तुमच्या काट्यावर आकडे नसून नुसता पांढरा आणि लाल पट्टा असेल, तर काचेवर त्या जागी बारीक खूण करा.

इन्फ्रारेड गन वापरणार असाल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर सरळ धरू नका, ती कमी आकडा दाखवते. काळी चिकटपट्टी लावा आणि त्यावर मोजा.

पाम बीच रोडवर काही होत नाही, कापूरबावडीला मात्र लगेच गरम. असं का?

कारण कापूरबावडीला तुमचे दोन्ही कूलर उपाशी असतात. पंखा इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. ९०० आरपीएमच्या आयडलला तो जेवढी हवा देतो, त्याच्या साधारण तिप्पट २७०० ला देतो. पुढच्या कूलरला गाडी उभी असताना वाराच नाही. पाम बीचवर चौथ्या गिअरमध्ये, हलक्या पायाने, दोघांनाही पोटभर हवा मिळते.

सिग्नल लांबला आणि काटा चढायला लागला तर न्यूट्रलमध्ये १५०० ते १८०० वर इंजिन धरून बघा. हवा वाढते आणि बिनभाराच्या इंजिनाची उष्णता त्या मानाने फारशी वाढत नाही. शेजारचा रिक्षावाला "काय साहेब, रेस लावायची का?" म्हणून बघेल. बघू दे.

हवा दमट असते म्हणून इथे जास्त त्रास होतो का?

नाही. दमट हवेत आपल्याला उकडतं कारण घाम सुकत नाही. इंजिनाला घाम येत नाही. त्याला फक्त हवेचं तापमान आणि हवेचं प्रमाण कळतं.

सरळ मोठा कूलरच बसवून द्या ना.

देऊ, पण आधी नाही. आहे ती व्यवस्था नीट चालत नसताना नवा कूलर लावणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आमच्याकडे "कूलर लावा" म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्या कूलर न लावताच परत गेल्या आहेत. आमचा धंदा बुडतो, पण खरं ते खरं.

सगळ्यात आधी आम्ही मागचं झाकण उघडून इंजिनाभोवतीचं रबर बघतो. इंजिनाचे पत्रे आणि बॉडी यांच्यामध्ये हे सील असतं. वरची गार हवा वर आणि सायलेन्सरकडची तापलेली हवा खाली, ही सीमारेषा त्याच्यामुळे टिकते. ते फाटलं की पंखा खालची गरम हवाच परत वर ओढतो. तीच हवा पुन्हा पुन्हा, रविवारच्या स्टेशनवरच्या भज्यांच्या तेलासारखी. रबर कडक होऊन एक वितभर जागा जरी उघडी राहिली, तरी कूलरचे हजारो रुपये वाया.

मग पत्रे. जुन्या गाडीत कुणीतरी कधीतरी इंजिन उतरवलेलं असतं आणि एखादा पत्रा "हा कशाला लागतो?" म्हणून कोपऱ्यात ठेवलेला असतो. सायलेन्सर बदलून रेसिंगचे पाईप लावताना हीटरचे बॉक्स काढले असतील, तर पंख्याच्या कव्हरमधून हीटरकडे जाणारं तोंड बंद केलंय का ते बघा. तिथून हवा नुसती वाहून जाते. ते तोंड बंद करायला एक झाकण पुरतं.

नंतर इंजिनावरचा कूलर आणि सिलिंडरांच्या फिन, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ कडा. व्हॉल्व्ह कव्हर गळत असतं, त्यावर मेट्रोच्या कामाची धूळ बसते, दोन्ही मिळून खरपुडी धरते. फिनवर असा थर म्हणजे इंजिनाला मेमध्ये स्वेटर. काही गाड्यांत मागच्या झाकणाच्या आतला आवाजरोधक फोम कुजून भुगा होतो आणि पंखा तो ओढून फिनमध्ये ठासतो. बोटाने दाबून बघा, पीठ होत असेल तर आजच काढून टाका. ९६४ मॉडेलला (१९८९ ते १९९४ ची ९११) इंजिनाखाली आवाज दाबण्यासाठी ट्रे असतो. आपल्या हवेत तो काढून ठेवावा असं माझं मत आहे. जगभरातले पुष्कळ मालक तेच करतात.

आणि उंदीर. हसू नका. गेल्या वर्षी सहा महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली एक गाडी आली. एका बाजूची तीन सिलिंडरं दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त तापत होती. पंख्याचं कव्हर उतरवलं तर आत कापूस, वेफर्सच्या पाकिटाचे तुकडे आणि कुणाच्या तरी पायपुसण्याचे धागे. पूर्ण संसार होता. पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावणाऱ्यांनी शेंगा आणि पानांचंही बघावं, ती जाळीतून आत जातात.

शेवटी टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) आणि मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण). टायमिंग मागे असेल तर जळण्याचं काम उशिरा होतं आणि उष्णता हेड व एक्झॉस्टमध्ये जाते. फार पुढे असेल तर इंजिन ठोकतं, तेही गरमच होतं. कानावर ठरवू नका, टायमिंग लाईट लावा.

एवढं सगळं जागेवर असताना रहदारीत काटा १२० च्या वर जात असेल, तर मग कूलरबद्दल बोलू.

माझ्या गाडीला पुढे कूलर आहे. तो चालतोय की नुसता लटकलाय, कसं कळणार?

हाताने. बाहेरचा थर्मोस्टॅट, म्हणजे ऑइल गरम झालं की पुढच्या कूलरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, उजव्या मागच्या चाकाच्या कमानीत असतो आणि ८५ अंशांच्या आसपास उघडतो. काटा ९५ वर जाईपर्यंत गाडी चालवा, इंजिन बंद करा आणि उजव्या दाराखालून पुढे जाणाऱ्या दोन्ही पाईपांना हळूच हात लावा. जपून, चटका बसतो. दोन्ही गरम म्हणजे ऑइल पुढे जातंय. गार असतील तर थर्मोस्टॅट अडकलाय. पाईप गरम, पण कूलर सगळीकडे सारखा गरम लागत नसेल, तर तो आतून तुंबलाय.

बाहेरून तुंबणं तर इथे नेहमीचंच. कूलर पुढच्या उजव्या चाकाच्या पुढ्यात बसतो. चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं लायनर कुणी काढून टाकलं असेल, तर पावसाळ्यातला सगळा चिखल चाक थेट त्याच्यावर मारतं. दिवाळीपर्यंत त्याची वीट होते. दर पावसाळ्यानंतर पाण्याने धुवा, पण प्रेशर वॉशर जवळून मारू नका, फिन वाकतात.

"उजव्या बाजूने जॅक लावू नका" असं सारखं का सांगता?

कारण ते दोन पाईप तिथूनच जातात. आमच्या एका गिऱ्हाइकाची गाडी एका टायरवाल्याने उजव्या कडेला जॅक लावून उचलली आणि एक पाईप चेपला. आतली वाट अरुंद झाली, बाहेरून मात्र एक थेंबही गळला नाही. चार महिने सगळे कूलर, ऑइल, टायमिंग शोधत बसले. आता त्यांनी दाराखालच्या कडेवर आतून लाल रंगात फुली मारून ठेवली आहे.

याच पाईपांचे थर्मोस्टॅटवरचे नट ॲल्युमिनियमच्या आट्यांमध्ये असे धरून बसतात की जोर लावला तर थर्मोस्टॅटच हातात येतो. महागडा भाग आहे. आदल्या दिवसापासून गंज सोडवणारं तेल मारा, गरम करा, दोन पाने लावून उलट बाजूने धरा. तरीही नाही सुटला तर नट कापा आणि थर्मोस्टॅट वाचवा. उलटं करू नका.

बरं, सगळं तपासलं. आता कुठला कूलर?

पोर्शेने स्वतःच याची पायरी-पायरीने दुरुस्ती केली. आधी काही मॉडेलांना पुढच्या मडगार्डमध्ये नुसता पाईपचा वळसा होता. मग पितळी नळ्यांचा कूलर आला, मग जाळीचा, रेडिएटरसारखा, आणि १९८७ पासूनच्या ९११ च्या ३.२ कॅरेरा मॉडेलात त्यावर इलेक्ट्रिक पंखा. तुमच्या गाडीत नुसता वळसा असेल, तर जाळीचा कूलर लावल्यावर महामार्गावर फरक लगेच दिसतो.

पण तुमचा त्रास महामार्गावरचा नाहीच. ठाण्यात, ऐरोलीच्या पुलावर, वाशीच्या टोल नाक्यापाशी गाडी उभी असते. उभ्या गाडीतला बिनपंख्याचा कूलर म्हणजे शोभेची वस्तू. म्हणून माझा सल्ला असा की पैसे मोजकेच असतील तर कूलर मध्यम घ्या, पण पंखा लावाच. थर्मोस्विच आणि रिले लावून, स्वतंत्र फ्यूज देऊन. पंख्याची दिशा चालत्या गाडीच्या वाऱ्याला साथ देणारी हवी. ऐकायला बाळबोध वाटतं, पण उलटा लावलेला पंखा मी दोनदा पाहिलाय. एकदा तो आमच्याच पोराने लावला होता.

कूलर वाढवला की एकूण ऑइलही वाढतं. पहिल्या धावेनंतर पातळी पुन्हा बघा. आणि इंजिन आतून तुटून रिपेअर झालेलं असेल तर जुना कूलर परत लावू नका. लोखंडाचा किस त्याच्या नळ्यांत दडून बसतो, कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही, आणि नव्या बेअरिंगांत जातो.

थर्मोस्टॅट काढून टाकला तर ऑइल कायमच गार राहील की?

राहील, आणि तेच वाईट. थंड, जाड ऑइल कूलरमध्ये ढकललं की कूलर फुटायची भीती. पोर्शेच्या थर्मोस्टॅटमध्ये यासाठी बायपासही दिलेला असतो. दुसरं म्हणजे ऑइल ८० च्या वर यायला उशीर लागतो आणि इंजिन तेवढा वेळ झिजतं. काढू नका.

ऑइल कुठलं घालू? मित्र म्हणतो सिंथेटिक घातलं की प्रश्नच मिटला.

ऑइलने इंजिन गार होत नाही. चांगलं ऑइल गरमपणा जास्त सोसतं, एवढंच.

आपल्या हवेत जुन्या ९११ साठी २०डब्ल्यू-५० हेच आमचं नेहमीचं. पन्नास या आकड्याचा अर्थ समजून घ्या. १०० अंशांना ते ऑइल एका ठरलेल्या जाडीत बसतं. तेच १२० ला गेलं की त्याची जाडी १०० अंशांच्या ३० नंबरच्या ऑइलाइतकी उतरते. म्हणजे काटा २० अंश वर गेला की तुम्ही पन्नासचं घालूनही तीसचंच ऑइल वापरताय. तीसचं घालून निघाला असतात तर काय झालं असतं, याचा विचार करा.

सिंथेटिक जास्त तापमान सोसतं, लवकर करपत नाही, हे खरं. पण फार पातळ सिंथेटिक जुन्या सीलमधून वाट शोधतं. झिंकवालं ऑइल घ्या. जुन्या कॅमशाफ्टला ते लागतं आणि हल्लीच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी ते कमी केलेलं असतं. डब्यावर "क्लासिक" लिहिलंय म्हणून घेऊ नका, मागचा बारीक मजकूर वाचा. वर्षातून एकदा किंवा ५,००० किलोमीटरला बदला, जे आधी येईल ते.

ऑइल किती भरायचं? पट्टी कधी रिकामी दाखवते, कधी जास्त.

इंजिन बंद करून बघत असाल तर पट्टी काहीही दाखवेल, कारण ऑइल टाकीतून इंजिनात उतरतं. ९११ मध्ये पातळी बघायची ती इंजिन पूर्ण गरम, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून. वाहनतळाच्या उतारावर नाही. डॅशबोर्डवरचा पातळीचा काटाही याच अवस्थेत खरा.

एससी मॉडेलमध्ये (१९७८ ते १९८३ ची ९११) एकूण सुमारे १३ लिटर ऑइल असतं, बदलताना १० च्या आसपास लागतं. टाकीचा आणि इंजिनाचा असे दोन ड्रेन बोल्ट आहेत, दोन्ही उघडा. एकदम १३ लिटर ओतलंत तर जास्तीचं ऑइल हवेच्या फिल्टरकडे जातं आणि मागे धुराचा लोट निघतो. पट्टीच्या दोन खुणांमध्ये दीड लिटरहून जास्त अंतर असतं, म्हणून "थोडंसं खाली आहे" म्हणून अख्खा डबा उपडा करू नका. पाव-पाव लिटर घाला. कमी ऑइलही लवकर तापतं, त्यामुळे काटा चढल्यावर पहिलं काम पातळी बघणं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून गाडी जास्त तापते, हा भास आहे का?

भास नाही. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. नुसत्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. तुमचा कार्ब्युरेटर किंवा के-जेट्रॉनिक (जुनं यांत्रिक इंजेक्शन) जुन्याच हिशेबाने पेट्रोल देतो, म्हणजे मिश्रण कोरडं (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं आणि हेड जास्त तापतं. मिक्श्चर नव्याने लावून घ्या, गॅस अॅनालायझरवर. त्याच फेरीत पेट्रोलचे सगळे रबरी होज बदला. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही आणि मागे तापलेलं इंजिन आहे.

एसी लावू का?

मेमध्ये नको म्हणणं म्हणजे क्रौर्य आहे, तरी ऐका. एसी असलेल्या जुन्या ९११ मध्ये एक कंडेन्सर मागच्या झाकणाच्या जाळीखालीच असतो. इंजिनाचा पंखा जी हवा ओढतो ती आधी त्या कंडेन्सरमधून येते. केबिनमधली उष्णता उचलून तुम्ही इंजिनाला भरवता, वर कॉम्प्रेसरचा भार. मोकळ्या रस्त्यावर लावा, तीन हात नाक्याच्या रांगेत बंद करा, खिडकी खाली करा. गाडीची हौस केलीय तर एवढं आलंच.

चालताना चार्जिंगचा लाल दिवा लागला. घरापर्यंत नेऊ?

नाही. एक किलोमीटरही नाही. ९६४ च्या आधीच्या ९११ मध्ये आणि बीटलमध्ये पंखा आणि चार्जिंग एकाच बेल्टवर असतं. दिवा लागला म्हणजे बेल्ट तुटलेला असण्याची शक्यता मोठी, आणि बेल्ट गेला तर पंखाही गेला. पाण्याच्या काही गाड्यांत बॅटरीवर घर गाठता येतं, इथे त्याच हट्टापायी हेड जातं. मुंब्रा बायपासवर एकदा माझाच बेल्ट तुटला. कडेला लागलो, ट्रकांच्या धुरात वीस मिनिटं बसलो आणि मग सुटा बेल्ट चढवला. बेल्ट आणि पुलीचा खास पाना गाडीत ठेवा.

९११ चा बेल्ट ताणायची पद्धत वेगळी. पुलीचे दोन भाग असतात, त्यांच्यामध्ये पातळ शिम, म्हणजे चकत्या. मधला शिम काढला की बेल्ट घट्ट होतो. काढलेला फेकू नका, पुलीच्या बाहेरच्या बाजूला लावून ठेवा, नव्या बेल्टला पुन्हा लागेल.

घाट चढताना?

खालचा गिअर. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रडवत चढणं हे एअर-कूल्ड गाडीला सगळ्यात वाईट. भार पूर्ण आणि पंखा मंद. बोरघाटात तिसरा गिअर, ३५०० च्या आसपास, पाय अर्धाच. आवाज जास्त येतो, काटा कमी चढतो. आम्ही चाचणीसाठी येऊरच्या चढावर नेतो, लहान आहे पण खोटं बोलत नाही.

गरम झालेल्या इंजिनावर पाणी मारलं तर?

हेडला तडा. नको.

पावसाळ्यात काटा ७० च्या वर जातच नाही. हे तर उत्तमच ना?

उत्तम नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बरंचसं एक्झॉस्टमधून जातं, थोडं पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल ९० च्या पुढे थोडा वेळ राहिलं तरच ते वाफ होऊन निघतं. रविवारी वर्तकनगरहून पेट्रोल पंपापर्यंत आणि परत, अशी दोन किलोमीटरची फेरी महिनाभर केलीत तर टाकीच्या झाकणाखाली पांढरट साय दिसेल. ती पाणी मिसळलेल्या ऑइलची आहे. चालवायचीच तर पाऊण तास चालवा, नाहीतर उभी राहू द्या.

माझी २.७ लिटरची आहे. तिला वेगळं काही?

हो, तिच्या बाबतीत मी कडक आहे. १९७४ ते १९७७ च्या २.७ चं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य खोकं, मॅग्नेशियमचं. फार तापलं की हेडचे स्टड (हेड आवळून धरणारे लांब बोल्ट) त्यातून आट्यांसकट उपटून येतात. १९७८ च्या एससीपासून क्रँककेस ॲल्युमिनियमचं झालं. २.७ मध्ये इंजिन उघडलंच असेल तर स्टडच्या जागी बुश बसवून घ्या, आणि तिच्यासाठी मघाचा १२० चा आकडा ११० समजा.

बीटलवाल्यांनी काय करायचं?

तुमच्या इंजिनात जेमतेम अडीच लिटर ऑइल असतं आणि कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी. म्हणून ते दर ५,००० किलोमीटरला बदलायचंच, त्यात हयगय नाही. जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या कव्हरमध्येच उभा असतो, तीन नंबरच्या सिलिंडरच्या वाटेत. तो सिलिंडर उरलेल्या तिघांपेक्षा जास्त तापतो, हे जुन्या मेकॅनिकांना पाठ आहे. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूच्या वेगळ्या खोक्यात नेला. ते कव्हर, कूलर आणि पत्रे पूर्ण संच म्हणून मिळतात आणि जुन्या इंजिनावर बसतात. अर्धा संच बसवू नका. इंजिनाभोवतीचं रबर, बेल्ट, पत्रे, उंदीर, सगळं वर सांगितलं तसंच.

पोचल्यावर इंजिन लगेच बंद करावं का?

जोरात चालवून आला असाल तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू या. तसं जमलं नाही तर उभं राहून मिनिटभर चालू ठेवा, कारण किल्ली फिरवली की पंखाही थांबतो. पाच-पाच मिनिटं आयडलला ठेवायची गरज नाही, त्याने शेजारी वैतागतात.

तपासणीला गाडी कधी आणू?

सकाळी आठला, गार इंजिन घेऊन नको. संध्याकाळी सहा-सातला, घोडबंदरच्या रांगेतून, काटा चढवूनच या. एसी लावून आलात तरी चालेल. गरम असतानाच पाईपांना हात लावून कळतं, रबर कुठून हवा सोडतंय ते दिसतं, प्रेशर किती उरलंय ते समजतं. येताना मागच्या वेळी घातलेल्या ऑइलचा रिकामा डबा किंवा त्याचा फोटो आणा. आणि गाडी टो करून आणायची वेळ आली तर टोवाल्याला उजव्या बाजूच्या पाईपांचं सांगायला विसरू नका.